एकतीस नंबरच्या मागावरचा नल

सोलापूर,
दि. १८ एप्रिल

ति. चनबसप्पा मामांना,

मल्लिनाथचे शरणु शरणार्थी. तुमची आणि मामींची तब्येत बरी असेल, गुडघ्यांनी उन्हाळ्यात तरी सुट्टी घेतली असेल, अशी आशा आहे. दुधनीत ऊन किती आहे ते कळवा. इथे चिंचोळी एमआयडीसीत पत्र्याखाली बसून आम्ही रोज थोडेथोडे भाजून निघतो. तुमचं कानाचं यंत्र अजून कपाटातच आहे असं मामींकडून कळलं. मागच्या महिन्यात मी फोनवर वीस मिनिटं माझ्या नव्या कामाची हकिकत सांगितली आणि शेवटी तुम्ही "बरं बरं, मग सगळे जेवायलाच या," असं म्हणून फोन ठेवलात. (आम्ही आलो नाही याचा राग मानू नये. मामींनी पुरण घातलं होतं हे नंतर कळलं.) म्हणून हे पत्र. शिवाय ही हकिकत मोठ्याने सांगावी अशी नाही. कारखान्यात तर मुळीच नाही.

टॉवेलच्या या कारखान्यात बावीस वर्षं मी पाळीचा सुपरवायझर होतो, हातात वही आणि कानावर पेन. जानेवारीत मालकांच्या कन्या दानेश्वरी मॅडम पुण्याहून शिकून आल्या आणि त्यांनी माझी वही काढून घेऊन समोर कॉम्प्युटर ठेवला. आमच्या साठ मागांना दोन वर्षांपूर्वीच एकेक डबी बसवलेली आहे. मागवाल्याने आल्यावर आपलं कार्ड डबीला टेकवायचं, जेवायला जाताना काढून न्यायचं. माग कधी चालला, किती मीटर कापड निघालं, धागा कितीदा तुटला, हे सगळं डबी टिपत बसते. दोन वर्षं ती टिपत होती आणि तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं. आता ते पाहायचं काम माझं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मामा, मी सॉफ्टवेअर शिकलो.

तुम्ही गणिताचे मास्तर, म्हणून थोडक्यात सांगतो. त्यात दोन जाती असतात. एक मेजर, म्हणजे 'किती'. दुसरी डायमेन्शन, म्हणजे 'कशागणिक'. किती मीटर? मागागणिक, माणसागणिक, पाळीगणिक, अर्ध्या तासागणिक. कशागणिक बेरीज हवी ते महिरपी कंसात आधी लिहायचं, मग पुढचं गणित. (होय, तोच महिरपी कंस, ज्याच्यापायी तुम्ही मला सातवीत वर्गाबाहेर उभं केलं होतं. तो मला शोधत चिंचोळीपर्यंत आला.) मॅडमचं एकच बजावणं असतं, की सरासरीची सरासरी काढायची नाही. आपल्या चन्नवीरच्या लग्नात पहिल्या पंगतीला पाचच म्हातारे होते आणि प्रत्येकाने दहा जिलब्या खाल्ल्या, दुसऱ्या पंगतीला शंभर माणसं होती आणि प्रत्येकी दोन खाल्ल्या. म्हणून काही माणशी सहा जिलब्या झाल्या नाहीत. आधी माणसागणिक बेरीज करा, मग भागा. मॅडम म्हणतात, बेरजेत माणसं लपून बसतात. हे वाक्य मी तेव्हा सुविचार म्हणून वहीत उतरवून घेतलं. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

झालं असं. मार्चमध्ये मॅडमने सांगितलं की कोणाच्या हातून शंभर मीटरमागे सर्वांत कमी धागे तुटतात ते काढा, त्याचा शाल-नारळ देऊन सत्कार करू. मी कंस मांडला, माणसागणिक बेरजा केल्या, भागाकार केला. सर्वांत वर नाव आलं, नल. शंभर मीटरमागे तुटलेले धागे शून्य. मामा, टॉवेलच्या मागावर शून्य हा आकडा नसतोच. बावीस वर्षांत मी तो पाहिला नव्हता. मी खूश झालो. आपल्याकडे एवढा गुणी माणूस आणि मला त्याचा चेहरासुद्धा ठाऊक नाही, याची लाजही वाटली. बहुधा आडनाव असेल, किंवा उत्तरेकडचा कोणी नवा भरती झाला असेल, असं धरून मी नवी पेठेत जाऊन प्रमाणपत्र छापून आणलं. 'श्री. नल यांस'. सोनेरी किनार होती.

ते पाहून दानेश्वरी मॅडम डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"अहो सर, नल म्हणजे नाव नाही. रकाना रिकामा असला की सॉफ्टवेअर तिथे नल लिहितं. नल म्हणजे कोणी नाही."

"बरं, कोणी नाही," मी म्हणालो. "मग कापड कोणी विणलं?"

त्यांचं हसू थांबलं. दोघांनी मिळून पाहिलं. मागागणिक बेरीज घेतली तर सगळं जुळत होतं. माणसागणिक घेतली की रोज चार मीटर कमी पडत होते, आणि ते चार मीटर या नलपाशी सापडत होते. अर्ध्या तासागणिक फोड केली तेव्हा नलची वेळही कळली. रोज दुपारी एक ते दीड. माग एकच, नंबर एकतीस. मामा, एक ते दीड आमची जेवणाची सुट्टी असते. तेव्हा साठही माग बंद, दिवे बंद, आणि सगळी माणसं बाहेर लिंबाखाली डबा खात असतात. मॅडम म्हणाल्या, डबी बिघडली असेल, शोधून काढा. पण डबी बिघडली तर आकडे चुकतात, कापड वाढत नाही. कापड रोज गुंडाळलेलं होतं, मोजलेलं होतं, आणि गाठी होऊन बाहेरगावी गेलेलं होतं.

एकतीसवर हल्ली शहाजी असतो, बार्शीकडचा, भला माणूस. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"साहेब, तुमाला आज कळलं व्हय?" तो म्हणाला. "आमाला आषाढापासनं ठावं हाय. येडूअण्णा गेल्यापासनं."

येडूअण्णा म्हणजे एकतीसवरचा जुना मागवाला. बुटका, तेलुगू माणूस, तीस वर्षं त्याच मागावर. मागाशी तेलुगूत बोलायचा. गेल्या आषाढात घरीच झोपेत गेला. शहाजीने सांगितलं की जेवून आलं की कापड बोटभर नव्हे, चांगलं चार मीटर पुढे गेलेलं असतं, आणि लोखंडाला हात लावला तर गरम. म्हणून तो जेवायला जाताना मागाच्या कडेला पानाचा एक विडा ठेवून जातो. विडा तसाच राहतो, पण ठेवलेला बरा. साठांपैकी कोणीच एक ते दीडमध्ये आत पाऊल टाकत नाही. सगळ्या कारखान्याला हे माहीत होतं. फक्त जो माणूस केबिनमध्ये पंख्याखाली डबा खातो त्याला माहीत नव्हतं.

तुम्हाला माहीत आहे, मामा, मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी एक वाजता मी एकटाच आत गेलो. (शहाजीला दाराबाहेर उभं केलं होतं, ते केवळ साक्षीदार म्हणून.)

साठ माग एकदम बंद झाले की कानांत जे भरतं त्याला शांतता म्हणता येत नाही. आपण पाण्याखाली गेलोय असं वाटतं. वरच्या काचांतून उन्हाचे पट्टे उतरले होते आणि त्यांत कापसाची लव खाली न पडता जागच्या जागी तरंगत होती. रांगेने उभे माग, प्रत्येकावर अर्धवट टॉवेल, जणू सगळे बोलता बोलता थांबलेत आणि मी जायची वाट बघताहेत. मी चौथ्या रांगेपर्यंत गेलो. तेवढ्यात टोकाकडून एकच माग सुरू झाला. खटक, खटक, खटक. मी पाहिलं, एकतीसवर पांढरं कापड हळूहळू पुढे सरकत होतं आणि पुढ्यात कोणी नव्हतं.

मग माग थांबला. बीमच्या, म्हणजे धागे गुंडाळलेल्या रुळाच्या, मागून काहीतरी उठलं. बुटकं होतं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरं, आणि तोंडाच्या जागी तोंड नव्हतं, फक्त कापड. ते माझ्याकडे वळलं नाही. त्याने मान जराशी तिरकी केली. मामा, तुमच्या मागे उभं राहून कोणी कानात काही सांगू लागलं की तुम्ही कशी मान कलती करता, अगदी तशी. त्याच्या मागे कोणीही नव्हतं. त्याने ऐकून घेतलं, होकार दिल्यासारखी मान हलवली, हजारो धाग्यांतला एक धागा चिमटीत धरला, पीळ दिला, आणि माग परत सुरू केला.

मी तिथून शांतपणे निघालो. शहाजी म्हणतो की मी पळालो, आणि माझी एक चप्पल बाराव्या मागाखाली सापडली. बघणाऱ्याच्या नजरेवर असतं ते.

दोन दिवस मी केबिनमधून उठलो नाही. पण काम सुटत नाही, म्हणून भीतभीत मागची दोन्ही वर्षं उघडली, आणि या वेळी येडूअण्णाचं नाव घेतलं, जिवंतपणीचं. त्याचे तुटलेले धागे अर्ध्या तासागणिक मांडले. शेवटच्या वर्षात त्याचा हात बिघडत गेला होता. सकाळी सात-आठ धागे, दुपारनंतर नऊ-दहा. आणि एक ते दीडमध्ये, जेव्हा तो जेवायला जायचा पण कार्ड डबीवरच ठेवून जायचा, तेव्हा शून्य. रोज शून्य. दिवसाच्या सरासरीत ते कधी दिसलंच नाही. एका नावाखाली दोन हात होते, मामा, एक थरथरणारा आणि एक कधीच न चुकणारा. मला आधी घाम फुटला आणि मग एकदम हायसं वाटलं, कारण भूत माणूस मेल्यावर येतं. हे तर येडूअण्णा मरायच्या अकरा महिने आधीपासून येत होतं. म्हणजे ते जिवंत माणूस होतं.

तिसऱ्या दिवशी परत गेलो. या वेळी मी थेट त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो आणि घसा खाकरला. त्याने तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

"हेदरब्याड्री, साहेब," ती म्हणाली. घाबरू नका. "मी भूत न्हाय. झाडूवाली हाय."

ती नागव्वा होती. अकरा वर्षं मागांखालची लव झाडणारी, माझ्या केबिनचा केरही काढणारी नागव्वा. लव केसांवर, भुवयांवर, लुगड्यावर, म्हणून ती पांढरी. तिच्या अर्ध्या कन्नडातून आणि माझ्या पाव कन्नडातून कळलं ते असं. येडूअण्णाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तुटलेलं टोक त्याला दिसेना. केर काढता काढता ती त्याला टोक दाखवायची. मग त्याने तिला गाठ मारायला शिकवलं, मग जेवणाच्या सुट्टीत माग चालवायला. तो म्हणाला होता, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, ऑफिसात बोलून तुला कार्ड मिळवून देतो. तो गेला. तेव्हापासून तिने अर्धा तास माग चालू ठेवला होता, कारण तिला वाटत होतं की बोलणं झालं असेल आणि कार्ड कधीतरी येईल.

मामा, बोलणं झालं होतं. माझ्याशीच. तो दारात उभा राहून म्हणाला होता, "साब, वो नागव्वा का हाथ देखो एक बार." मी वहीतून मान वर न करता "बघू" म्हणालो होतो. हे मला तिथे, त्या उन्हाच्या पट्ट्यात उभं असताना आठवलं, आणि भुताला भ्यायलो होतो ते बरं होतं असं वाटलं.

मी विचारलं, धागा एकदाही तुटत नाही तो कसा? ती म्हणाली, तुटायच्या आधीच मी माग थांबवते. पण तुटणार हे कळतं कसं?

"अण्णा सांगत्यात की. मागं हुबं ऱ्हात्यात."

"कुठे?"

"तुमी हुबं हाय, तितंच," ती साधेपणाने म्हणाली. "जरा सरका की."

मी सरकलो. (सरकायला काय जातं?)

आता पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण तुमच्यापासून काय लपवायचं. कार्डाशिवाय कोणी मशीनला हात लावला तर त्याला त्याच दिवशी कामावरून कमी करतात, आणि त्या पाळीच्या सुपरवायझरलाही सोडत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. नलवर बोट ठेवून 'वगळा' म्हटलं की तो जातो. मी ते केलं. एका टिचकीत नागव्वा नाहीशी झाली. तक्ता स्वच्छ झाला, पहिल्या नंबरावर शहाजी आला. मी डबा उघडला. समोर नागव्वा केर काढत होती. पाय वर घ्या, म्हणाली, आणि मी पाय वर घेतले. अकरा वर्षं मी तिच्यासाठी फक्त पायच वर घेत आलो होतो.

चार वाजता मॅडम आल्या, तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, "सर, नल कुठे गेला?" मी सगळं सांगितलं. 'बघू'सकट. त्या भयंकर चिडल्या, आधी नागव्वावर, मग माझ्यावर, मग पुन्हा माझ्यावर. सुरक्षितता, विमा, जबाबदारी, सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं की ते शून्य खरं आहे का. मी म्हणालो, स्वतः बघा.

मागच्या शनिवारी सकाळी दहा वाजता सगळे माग थांबवून सगळ्यांसमोर नागव्वाला एकतीसवर उभं केलं.  शेजारच्या मागवाल्यांनी उगाच शेरे मारले, बायामाणसाचं काम न्हवं वगैरे. तिने तोंडाला फडकं बांधलं आणि माग सुरू केला. तासाभरात पाच वेळा तिने माग हाताने थांबवला. पाचही वेळा मान कलती केली, ऐकलं, एक धागा उचलला. मॅडमने तो धागा प्रत्येक वेळी भिंगाखाली धरून पाहिला. पाचही धागे आतून उसवलेले होते, दोन तंतूंवर तगलेले, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. पाचव्यांदा मॅडमने भिंग पुसून परत पाहिलं.  शेरे मारणाऱ्यांपैकीच कोणीतरी तिच्या पाठीमागची जागा मोकळी करून दिली. त्या जागेत कोणी उभं राहिलं नाही.

"तुम्हाला कळतं कसं, नागव्वा?" मॅडमने विचारलं. नागव्वाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "अनुभव, मॅडम." 

तर नागव्वाला मागवालीचं कार्ड मंजूर झालं आहे, आमच्या कारखान्यातलं बाईमाणसाचं पहिलं. एकतीस तिचाच. शहाजी आनंदाने बत्तीसवर गेला (चौतीस मागत होता). मला मेमो मिळाला, तो मी न बोलता सही करून घेतला, कारण तो नऊ महिने उशिरा आला होता. शाल-नारळ पुढच्या महिन्यात आहे, आणि प्रमाणपत्रावर खरं नाव छापून आणलं आहे. इथलं बाकी सगळं ठीक. मामींना नमस्कार. चन्नवीरला म्हणावं, बंगळूरहून येताना एकदा इकडे उतर.

तुमचा भाचा,
मल्लिनाथ

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. कार्डासाठी जन्मतारखेचा पुरावा लागतो आणि नागव्वाकडे काहीच नाही. पण ती दुधनीची आहे, मामा. म्हणते, तिसरीपर्यंत तुमच्याच शाळेत होते, चनबसप्पा मास्तर बेरजा शिकवायचे आणि खडू फेकून मारायचे. शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये साधारण पंचेचाळीस वर्षांमागे तिचं नाव सापडतं का, ते स्वतः जाऊन बघावं आणि दाखल्याची नक्कल पाठवावी. महिनाअखेरपर्यंत पुरावा दिला नाही तर मंजुरी जाईल. कृपा करून 'बघू' म्हणू नये.

ता. ता. क. आणखी एक छोटं काम. नागव्वा आता एक वाजता सगळ्यांबरोबर लिंबाखाली जेवते, आणि सुट्टीत कोणी माग चालवू नये म्हणून आत बसायची कामगिरी मॅडमने माझ्यावर टाकली आहे. परवा मी एकतीसजवळ उभा होतो. सगळं बंद होतं. उजव्या कानाशी कोणीतरी हळूच काही म्हणालं. आधी वाटलं 'येडा' म्हणालं, आणि ते योग्यच असल्यामुळे मी वळून पाहिलं नाही. पण ते परत म्हणालं, नीट, 'एडम'. आणि बंद मागावरचा डाव्या कडेचा एक धागा माझ्या डोळ्यांदेखत टिक् करून तुटला. तुमच्या गल्लीत तेलुगू बोलणारे शिंपी आहेत, त्यांना या शब्दाचा अर्थ विचारावा. इथे विचारायची सोय नाही, कारण इथे सगळ्यांना तो माहीत आहे. कन्नडात 'एड' म्हणजे डावं, हे मला ठाऊक आहे, ते कळवू नये. तेलुगूत दुसरा काही अर्थ निघत असेल तरच उत्तर पाठवावं.